गॅलरीतला आकडा

शेवालाने स्टुलावर चढून गॅलरीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या डबीचं झाकण काढलं आणि दोन बोटं आत घातली. बोटांना लोकर लागली. तिने ओढलं तसा एक मोजा बाहेर आला, आत कापूस गच्च भरलेला. हवा आत घेणाऱ्या भोकावर तो असा बेताने बसवला होता की खालून बघणाऱ्याला काही कळू नये. आतली बाजू करडी होती. बाहेरची काळीकुट्ट.

"पोरी, साखर एक की दोन?" आतून हास्नियाने विचारलं.

"एक," शेवाला म्हणाली, आणि मोजा हातात धरून तशीच स्टुलावर उभी राहिली.

नदीपलीकडे कोळसा भाजून कोक बनवणारा कारखाना स्वतःच्याच धुरात कमरेपर्यंत बुडाला होता. जानेवारी महिना, सकाळचे अकरा वाजलेले, आणि ओसोये गावाच्या रस्त्यांवरचे दिवे अजून कोणी विझवले नव्हते. खालच्या अंगणातला बर्फ राखेच्या रंगाचा झाला होता. समोरच्याच इमारतीवरचा मीटर सकाळी हवेतली धूळ दोनशे दहा दाखवत होता. हास्नियाच्या गॅलरीतला हा मीटर दाखवत होता अकरा. काल नऊ. परवा बारा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून ही गॅलरी एखाद्या डोंगरावरच्या आरोग्यधामासारखी स्वच्छ होती.

शेवाला आत आली. हास्निया कॉफीचं लांब दांड्याचं भांडं डाव्या हातात धरून, उजव्या हाताचं बोट कपाच्या काठावर ठेवून ओतत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. तिचा नवरा रमिझ आणि शेवालाचे वडील एका पाळीला भट्टीवर असायचे, त्यामुळे शेवाला तिला लहानपणापासून मावशीच म्हणायची.

मोजा तिने टेबलावर, साखरेच्या डबीशेजारी ठेवला.

हास्नियाने मान वाकडी करून पाहिलं, मग हात पुढे करून चाचपला.

"रमिझचा आहे," ती म्हणाली. "त्याचे पाय मोठे होते."

"मावशी."

"कॉफी घे. गार झाली की औषध होतं तिचं."

"कारखान्यातून कोणी सांगितलं का तुम्हाला हे करायला?"

हास्निया हसली. पुढचा एक दात नसल्यामुळे ते हसू बाजूने निसटायचं. "कारखान्यातून माझ्याकडे आजवर एकदाच माणूस आलाय. रमिझ गेला तेव्हा. फुलं घेऊन. तीपण प्लास्टिकची."

"मग कशाला?"

आतल्या खोलीचं दार बंद होतं. हास्नियाने तिकडे तोंड करून आवाज खाली आणला.

"नेदिम रात्रपाळी करून झोपलाय. नऊ वर्षं तो परदेशात, लिंझमध्ये लोकांच्या बाथरूमच्या फरश्या बसवत होता. मी त्याचे केस पांढरे होताना मोबाइलवर बघितलेत, तेव्हा दिसायचं मला. आता आलाय. भट्टीवर लागलाय. बायकोला सातवा महिना चालू आहे. तुझा आकडा मोठा आला की ते कारखाना बंद करणार. तुला पैसे देणारे ते फाउंडेशनवाले तुझा फोटो काढतील आणि माझं पोरगं पुन्हा बसमध्ये बसेल."

"बंद कोणी करत नाहीये. फिल्टर बसवायला लावायचेत."

"तीस वर्षं बसवतायत, बाई."

शेवाला कोट न काढताच बसली होती. कॉफी एका घोटात संपवून ती उठली, दारात बूट घालताना एकाच बुटाची नाडी तिने दोनदा बांधली.

ग्राझ या परदेशी शहरातल्या त्या फाउंडेशनचा पैसा ओसोयेत येऊन दोन वर्षं झाली होती. कुठल्याशा औषध कारखानदाराच्या विधवेने आपली सगळी मिळकत त्यात घातली होती. ओसोयेतल्या कोणी तिला पाहिलं नव्हतं, पण ती मेली तेव्हा जुन्या पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत तिच्या नावाने मिनिटभर शांतता पाळली गेली. या दोन खोल्या म्हणजे शेवालाची संस्था. आधी ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. एका खोलीत दर गुरुवारी झुम्रा नर्स बसायची आणि लोकांना नळीत फुंकायला लावून त्यांचा दम मोजायची. दुसऱ्या खोलीत शेवाला गावभर लावलेल्या बारा मीटरांचे आकडे गोळा करायची. फाउंडेशनच्या कागदांत पहिल्या खोलीला आरोग्य म्हणत आणि दुसरीला पर्यावरण. दोन्ही खोल्यांना शेगडी एकच होती.

पुढच्या तीन वर्षांचा निर्णय फेब्रुवारीत व्हायचा होता, आणि अट साधी होती. बारापैकी निदान दहा मीटरांनी अख्खा हिवाळा नीट मोजलेला हवा. एक मीटर शाळेच्या भिंतीवरून चोरीला गेला होता. एक छपरावरून निसटलेल्या बर्फाखाली चिरडला गेला. उरले दहा, आणि त्यातला दहावा मोज्यात झोपला होता.

त्या दुपारी शेवालाने ग्राझला फोन लावला. फाउंडेशनचं ओसोयेचं काम नेझा बघायची. नेझा मूळची स्लोव्हेनियाची, मनाने चांगली, नेहमी चालत चालत बोलणारी. फोनमध्ये तिच्या बुटांचा आवाज यायचा. शेवालाने मोज्याचं सांगितलं. बुटांचा आवाज थांबला.

"हे तू मला सांगायला नको होतंस," नेझा म्हणाली.

"आता सांगितलं."

"बरं, ऐक. यंत्र बिघडलं असं लिही. बिघाड मान्य आहे आमच्याकडे, त्यासाठी रकाना आहे. समोरच्या इमारतीचे आकडे घे आणि या गॅलरीच्या जागी भर. हवा तर एकच आहे ना? खोटं असं त्यात काही नाही."

"यंत्र बिघडलं नव्हतं."

"शेवाला, आमच्या मंडळावर नऊ माणसं आहेत. त्यातली पाच ओसोये नकाशावर दाखवू शकणार नाहीत. त्यांना दहा हा आकडा दिसला की ती सही करतात. नऊ दिसला की पुढचा कागद उचलतात. तुझी नर्स, तुझं ते फुंकायचं यंत्र, सगळं त्या एका पानावर आहे."

फोन ठेवल्यावर शेवाला खिडकीपाशी गेली, तिथून शेगडीपाशी, तिथून पुन्हा खिडकीपाशी. झुम्रा पलीकडच्या खोलीत नळ्या उकळत होती. तिने उघड्या दारातून दोन फेऱ्या बघितल्या आणि तिसरीला बोलली.

"बस तरी, नाहीतर मला लादी पुसायला मदत कर. एवढं चालतेयस तर फडकं पायाला बांध."

शेवालाने तिला सगळं सांगितलं. झुम्राने हात पुसले.

"मग लिही ना बिघाड झाला म्हणून. मोज्याचा बिघाड. माझ्या आयुष्यात मी याहून मोठे बिघाड लिहिलेत." मग ती जरा थांबली. "मला जर्मनीतून नोकरीची तीन पत्रं आलीत, तुला माहिताय. पगार थांबला तर चौथ्याला मी हो म्हणणार. धमकी नाही देत, सांगून ठेवते."

"माहिताय मला."

"मग?"

शेवालाने लॅपटॉप उघडला. बिघाडाच्या रकान्यात तिने 'यंत्र' असा शब्द लिहिला, आणि पुढे काही सुचेना. वडिलांच्या दवाखान्यातल्या कार्डावर असाच एक रकाना होता. भट्टीवर सव्वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला अखेरीस पलंगावरून खुर्चीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागायचं, आणि आजाराच्या कारणासमोर कोणीतरी सुबक अक्षरात 'धूम्रपान' लिहिलं होतं. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. ते कार्ड घेऊन ती कारखान्याच्या डॉक्टरकडे गेली, तेव्हा डॉक्टर फार सौजन्याने म्हणाला होता की बाई, रकाना रिकामा ठेवता येत नाही.

तिने 'यंत्र' हा शब्द खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. चार दिवस असेच गेले. या चार दिवसांत ती उरलेल्या नऊही मीटरांपाशी जाऊन आली, काही कारण नसताना. रात्री झोप लागायची नाही, आणि दिवसा कोणी बोलायला लागलं की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती हातमोजे चढवू लागायची.

पाचव्या दिवशी सकाळी तिने लिहायला घेतलं ते एका दमात लिहून काढलं. दहावा मीटर एका घरात एक्केचाळीस दिवस मुद्दाम झाकला गेला. मीटर चांगला आहे. झाकणाऱ्या बाईचा मुलगा कारखान्यात नुकताच लागला आहे आणि तो पुन्हा परदेशी जाईल ही तिला भीती आहे. हे आकडे धरू नयेत. दुसऱ्या कुठल्या आकड्यांनी ही जागा भरू नये. नाव तिने लिहिलं नाही. पाठवण्याआधी मात्र हास्नियाला सांगणं भाग होतं, म्हणून ती कागद घडी करून खिशात घालून निघाली.

दार नेदिमने उघडलं. उंच, खांद्यात वाकलेला, पापण्यांच्या कडांना धुऊनही न निघालेली भट्टीची काजळी. आत त्याची बायको मेलिहा पलंगावर बसून बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत होती. पोट पुढे आल्यामुळे कपडे ती गुडघ्यांवर ठेवत होती. हास्निया खुर्चीत होती. कोणीतरी काहीतरी आधीच बोललेलं होतं, हे त्या खोलीत शिरताच कळत होतं.

शेवालाने उभ्याउभ्याच कागद वाचून दाखवला. नेदिम खाली बघत राहिला. मोज्याबद्दल त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून समजेना.

वाचून झाल्यावर हास्निया म्हणाली, "पाठव. म्हातारीचं डोकं फिरलंय असंही लिही हवं तर."

"तसं काही नाही लिहिलेलं, मावशी."

"मग बस. कोट काढ आज तरी." तिने ओढणीची गाठ सैल करून पुन्हा बांधली. "एक विचारायचंय. ते तुझं यंत्र घरातलं मोजतं का?"

"हवा कुठलीही मोजतं."

"मग ते इथे लावून बघ." तिने पलंगाच्या उशाशी हात दाखवला. तिथे भिंतीला टेकून एक लाकडी पाळणा उभा होता, अजून गादी न घातलेला. "बाहेरचं मला कळून काय करायचंय? बाहेर मी काही बदलू शकत नाही. पण पोर इथे झोपणार. खिडकीच्या फटींना मी सगळीकडे कापडं कोंबलीत. त्यांचा काही उपयोग होतो का, तेवढं बघ."

शेवाला गॅलरीत गेली आणि तिने मीटर खिळ्यावरून उतरवला. हात गारठले होते. स्क्रू दोनदा खाली पडला. आत आणून तिने तो पाळण्यात, लाकडाच्या फळीवर ठेवला आणि गॅलरीचं दार घट्ट लावून घेतलं.

"पंधरा मिनिटं लागतील."

पंधरा मिनिटं चौघं बसून राहिली. मेलिहाने सगळे कपडे घडी करून झाल्यावर त्यातले काही मोडून पुन्हा केले. हास्नियाने पिठा, म्हणजे बटाट्याचं सारण भरून भाजलेली गुंडाळी, गरम केली, त्यातला बटाटा जरा जास्तच मिरपुडीचा होता, आणि शेवालाने दोन तुकडे खाल्ले तरी तिला चव लक्षात राहिली नाही. नेदिम पाळण्यापाशी उकिडवा बसला होता. मीटरच्या छोट्या पडद्यावर आकडा वर चढायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा.

"काय म्हणतं?" हास्नियाने विचारलं. ती उठून पाळण्यापर्यंत आली, वाकली, डोळे बारीक केले. "मला नुसतं निळं दिसतंय. वाच रे."

पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी होतं.

"अठरा," नेदिम म्हणाला.

शेवालाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. मेलिहा जिथे बसली होती तिथून पडदा सरळ समोर येत होता. तिने हातातलं टोपडं उलटं केलं, सुलटं केलं आणि घडीच्या ढिगावर ठेवलं.

"अठरा का ग?" हास्नियाने तोंड शेवालाच्या दिशेला केलं.

खोलीत शेगडीतला कोळसा बसल्याचा बारीक आवाज झाला.

"अठरा," शेवाला म्हणाली.

"म्हणजे चांगलं?"

"चांगलं."

"बघ." हास्निया सुनेकडे वळली. "म्हटलं नव्हतं मी, कापडं नीट कोंबली की झालं?"

शेवाला निघाली तेव्हा नेदिम तिच्या मागोमाग जिना उतरला. पायांत घरातल्या चपला, अंगात नुसता शर्ट. दुसऱ्या मजल्यावर त्याने तिला थांबवलं.

"समोरच्या इमारतीचा मीटर मी रोज बघतो," तो म्हणाला. "फोनवर. डिसेंबरपासून. पाळी सुटली की पहिलं तेच."

"मग मावशीला..."

"ती माझ्यासाठी झाकत होती. तिला कसं सांगू?" त्याने कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे न बघताच ते पँटला पुसलं. "आतलापण तेवढाच निघेल असं नव्हतं वाटलं. म्हटलं निम्मा तरी असेल. तुझ्या कागदात खरा लिही. पाळण्यातला म्हणून लिही. तारीख घाल."

"नाव नाही घालत."

"घाल. काय करतील? कामावरून काढतील?" तो किंचित हसला, ते हसू आईसारखंच बाजूने निसटलं. "बाळ झालं की आम्ही जाणार. लिंझच्या मालकाशी बोललोय काल. आईला मे महिन्याशिवाय कळायला नको. तेवढं कर."

शेवालाने मान हलवली. खाली अंगणात आल्यावर तिने कागदाच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकवून, पेन्सिलने आकडा लिहिला. त्यापुढे 'पाळण्यातला' असं लिहून तिने तारीख घातली.

फाउंडेशनचं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. नऊ म्हणजे दहा नव्हेत. हवेचं काम यापुढे नाही. मीटर संस्थेने हवे तर ठेवावेत. आरोग्याच्या भागातून मात्र नर्सचा पगार आणि दम मोजायचं यंत्र एक वर्ष चालू राहील. खाली नेझाने हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. मंडळाच्या बैठकीत तुझं ते पान कोणीतरी मोठ्याने वाचलं. मग कॉफी आली, आणि कॉफी झाल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या की निदान नर्स राहू द्या.

झुम्राने पत्र वाचून त्याची घडी केली. "एक वर्ष," ती म्हणाली. "म्हणजे पाचव्या पत्राची वाट बघायची." आणि ती नळ्या मांडायला गेली.

एप्रिलमध्ये नेदिमला मुलगी झाली. मेच्या दुसऱ्या रविवारी लिंझची बस गेली. पुढच्या गुरुवारी सकाळी रांगेत हास्निया उभी होती, शेजारणीच्या दंडाला धरून, चांगला कोट घालून. दोन वर्षांत ती या खोलीत कधी आली नव्हती.

"आज कशी आठवण झाली?" झुम्राने तिला खुर्चीत बसवत विचारलं.

"घरी कोणी नाही. वेळच वेळ आहे."

शेवाला पलीकडच्या खोलीतून आली आणि तिच्याजवळ उभी राहिली. तिने हास्नियाच्या खांद्यावरची ओढणी उगाच सारखी केली.

"शेवाला का?" हास्नियाने मान न वळवता विचारलं. "त्या दिवशी पाळण्यात खरा किती होता ग?"

झुम्राचा हात नळीवर थांबला.

"एकशे चौऱ्याऐंशी," शेवाला म्हणाली.

हास्नियाने हळूच मान डोलावली, भाजीचा भाव ऐकावा तशी.

"आकडे नाही दिसत मला," ती म्हणाली. "पण किती आहेत ते दिसतं. तीन होते. नेदिम लहानपणापासून माझ्याशी खोटं बोलला नाही. त्या दिवशी बोलला, तेव्हाच समजलं की हा जाणार. म्हटलं, जाऊ दे. विचारत बसले असते तर राहिला असता."

ती सरळ बसली, कोटाचं वरचं बटण काढलं आणि झुम्राकडे हात पुढे केला.

"कुठे फुंकायचं, सांग."

झुम्राने नळी तिच्या ओठांशी धरली. हास्नियाने डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. तो अर्ध्यावर अडला, तिने पुन्हा ओढला, आणि तिचे खांदे वर गेलेले असताना झुम्रा म्हणाली, "आता, मावशी. सगळा."